चाळीस टनांची नाली

जर्मनीत ब्राउनश्वाइगबाहेरच्या एका गोदामाच्या अंगणासाठी मी जी यादी केली होती, तिच्यात एकतीस मुद्दे होते. त्यातला नववा चुकीचा होता, आणि तो मी लिहिला होता.

युरो येऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी एका छोट्या प्लॅनिंग ऑफिसात होते. पार्किंग, बसडेपो, गोदामांची अंगणं, म्हणजे जिथे जड गाड्या दिवसभर फिरतात तिथलं पावसाचं पाणी कुठून गोळा करायचं आणि कुठे सोडायचं, हे माझं काम. ऑफिसात सगळे माझ्या याद्यांवर चालत. यादीत नसलेलं काम होत नसे, आणि यादीत असलेलं राहत नसे. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

त्या वसंतात शेफनं, म्हणजे आमच्या ऑफिसच्या साहेबानं, माझ्या हाताखाली एक मराठी इंजिनिअर दिला. वय एक्कावन्न, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. अकोल्याकडे सरकारी बांधकाम खात्यात उपअभियंता होता. बायकोला इथल्या संस्थेत संशोधनाचं काम मिळालं, म्हणून नोकरी सोडून तिच्यामागे आला आणि दोन वर्षं घरी बसला. भाषा शिकला, अर्ज केले, नकार गोळा केले. ही त्याची इथली पहिली नोकरी होती, सहा महिन्यांच्या प्रोबेत्साइटवर, म्हणजे चाचणीच्या मुदतीवर. त्या मुदतीत ऑफिस त्याला कारण न देता काढू शकत होतं. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, "मॅडम, ही गेली तर या वयात दुसरी मिळायची नाही." मी म्हटलं, "मग वेळेवर येत जा."

तो मला मॅडम म्हणायचा. मी त्याला साहेब म्हणायचे, आणि त्यात आदर नव्हता हे त्याला कळत होतं. तो फाईल छातीशी धरून माझ्या एक पाऊल मागे चालायचा. एकदा पोलियरसमोर, म्हणजे साइटवरच्या मुकादमासमोर, मी म्हटलं, "साहेब, पुढे या. इथे तुम्हाला शिपाई नाही आणि मलाही नकोय." पोलियरला मराठी कळत नव्हती, पण तो हसला. साहेबही हसले.

आता नववा मुद्दा. अंगणातल्या नालीचा भारवर्ग. ती किती वजन सोसेल ते त्यावरून ठरतं. सुपरमार्केटच्या पार्किंगला आणि रस्त्याला चाळीस टनांची चालते. या अंगणात मात्र फोर्कलिफ्ट फिरणार होत्या. त्यांची चाकं लहान आणि कडक, सगळा भार तळहाताएवढ्या जागेवर येतो. तिथे साठ टनांची हवी. मी आधीच्या सुपरमार्केटची यादी घेऊन तिच्यावर नवी बेतली होती. तीस ओळी बदलल्या, एक राहिली.

माल आला त्या सकाळी साहेब पॅलेटपाशी गेले, बिडाच्या जाळीवरचा आकडा वाचला आणि माझ्याकडे आले. "मॅडम, दोन मिनिटं मिळतील का? जरा बाजूला."

"यादीत आहे?"

"यादीबद्दलच आहे."

"मग इथेच बोला."

त्यांनी पोलियरकडे पाहिलं, त्याच्या दोन माणसांकडे पाहिलं. "नंतर सांगतो," म्हणाले.

वरिष्ठाची चूक परक्यांसमोर काढायची नाही, दार लावून सांगायची, ही त्यांच्या खात्यातली रीत. पंचवीस वर्षं ते तसे वागले होते. मीही पुण्यात दोन वर्षं नोकरी केली होती, मला ती रीत माहीत होती. दुपारी त्यांचा फोन आला. मी गाडीत होते.

"मॅडम, ते सकाळचं..."

"काम थांबलंय का?"

"नाही, पण थांबवलं तर..."

"नाही ना? मग उद्या बघू."

संध्याकाळपर्यंत पन्नास मीटर नाली काँक्रीटमध्ये बसली.

अंगण सुरू झालं आणि दोन महिन्यांत गेटपाशी जाळ्या खचल्या. नालीच्या कडा बिस्किटासारख्या तुटल्या, शेजारचे पेव्हर ब्लॉक हलले. बैठकीला शेफ होता, गोदामाचा माणूस होता, पोलियर होता. शेफनं विचारलं, यादी कुणाची? सगळे माझ्याकडे बघत होते.

आमच्या ऑफिसात चुकल्याबद्दल कुणाला काढलेलं मी पाहिलं नव्हतं. माहीत असून गप्प बसल्याबद्दल पाहिलं होतं, दोनदा. म्हणून मी म्हटलं, "यादी माझी. नववी ओळ चुकली." मग साहेबांकडे वळून जर्मनमध्ये, सावकाश, त्यांना नीट कळेल असं विचारलं, "माल आला तेव्हा हे तुमच्या लक्षात आलं होतं का?"

"हो," ते म्हणाले.

"काँक्रीट ओतायच्या आधी?"

"बरोबर. आधी."

पुढचं वाक्य त्यांच्याकडे होतं. 'मी मॅडमना सांगायला गेलो होतो, फोनही केला होता.' खोलीत तीन परकी माणसं होती, आणि ते वाक्य माझी चूक काढणारं होतं. ते बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. ते बोलले नाहीत. शेफनं पेनाचं टोपण लावलं.

प्रोबेत्साइट संपायला तीन आठवडे होते. पत्र चौथ्या दिवशी आलं.

शेवटच्या दुपारी त्यांनी फायली तारखेवार लावून माझ्या टेबलावर ठेवल्या. मग दार लावून घेतलं. आता मला शिव्या बसणार असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे हिशेब मिटल्यासारखं झालं असतं.

"मॅडम, यादीतला बाविसावा मुद्दा. जाळ्या शेवटी बसवा, असं लिहिलंय. तसं करू नका. जाळ्या आधी बसवून, वर प्लास्टिक टाकून मग बाजूला काँक्रीट ओता. नाहीतर नालीच्या भिंती आत दबतात, जाळी बसत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आपण दोघंच कधी नव्हतो."

मी पेन उघडलं आणि ते समोर उभे असतानाच बाविसावा मुद्दा बदलला. त्यांनी तो उलटा वाचून पाहिला, मान हलवली आणि कोट घ्यायला गेले.

ती यादी पुढे कितीतरी अंगणांना वापरली. खाली तयार करणाऱ्याचं नाव एकच आहे.