दोर पाण्यावर पडेना

माझी नोकरी स्थिर विजेशी जोडलेली आहे. इथे परदेशात, आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका कंपनीत मी चिप्स तपासतो. कामाला बसण्याआधी मनगटाला पट्टा बांधायचा आणि त्याची वायर अर्थिंगला जोडायची, हा तिथला पहिला नियम. अंगावर साठलेल्या विजेची बारीकशी ठिणगीही चिप मारून टाकते. नवीन लागलेल्या इंजिनिअर्सना हे प्रशिक्षण गेली नऊ वर्षं मी देतो. वीज दिसायच्या आधी हातावरच्या केसांना कळते, हे माझं ठरलेलं वाक्य. ते ऐकून पोरं हसतात.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात मी इतका आंधळा कसा राहिलो हे मला अजून उमगलेलं नाही.

मासेमारीचा नाद लागला तो लोअर सेलेतारच्या जलाशयावर. शनिवारी तिथे फिरायला जायचो. धक्क्यावर एक चिनी अंकल उभे असायचे, सत्तरी ओलांडलेले, बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे चालायचे अगदी सावकाश. एकदा त्यांनी फेकलेलं लाल-पांढरं आमिष पाण्यावर गुळुक गुळुक करत येत होतं, आणि अचानक पाणी फुटलं. सोनेरी अंग, त्यावर काळे पट्टे, शेपटीवर मोराच्या डोळ्यासारखा ठिपका. पीकॉक बास. मी दचकून दोन पावलं मागे सरलो.

"हा मूळचा इथला नाही," अंकल म्हणाले. "तुझ्यासारखाच, बाहेरून आलेला." आणि त्यांनी मासा पाण्यात सोडून दिला.

ते सोडणं पाहूनच मी अडकलो. आमच्या नागपूरच्या घरी रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जायचं, आणि त्यातलं पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. मासे पकडायला शिकतोय हे बाबांना फोनवर सांगितलं. "सोडून देतोस ना?" त्यांनी एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. "त्याला दुखत असेल ते वेगळंच," ते म्हणाले, आणि विषय बदलला. अंकलनी मला गळाचे उलटे काटे पक्कडीने चेपायला शिकवलं होतं, म्हणजे गळ अलगद सुटतो. ते मी बाबांना सांगणार होतो, पण राहून गेलं.

या जलाशयात जिवंत किडे गळाला लावायला बंदी आहे. आमिष खोटंच हवं. त्यामुळे सगळं कसब आमिष आणि दोर निवडण्यात. अंकल मला एका दुकानात घेऊन गेले. भिंतभर टांगलेल्या प्लॅस्टिकच्या आणि लाकडाच्या मासोळ्या पाहून माझं डोकंच चालेना. अंकलनी शांतपणे तीन काढल्या. सकाळी मासा वर बघत असतो, तेव्हा पाण्यावर आवाज करणारा पॉपर. ऊन चढलं की मासा खाली जातो, तेव्हा बुडी मारणारी मिनो. आणि काहीच चालेनासं झालं की मऊ रबराची मासोळी, अगदी हळू ओढायची.

"आणि दोर?"

"विणलेला. ताणला जात नाही, माशाने नुसतं हुंगलं तरी बोटाला कळतं. पण पुढे दोन हात दुसरा दोर जोडायचा, पाण्यात न दिसणारा. हा मासा दगडांत घुसतो, तिथे विणलेला दोर कापला जातो."

अंकलनी सांगितला तो दोर जाड होता. मी मात्र इंजिनिअर. घरी बसून मी जाडी, ताकद आणि फेकीचं अंतर यांचा तक्ता केला आणि त्याच्या निम्म्या जाडीचा दोर मागवला. अंकलनी तो दोन बोटांत धरून पाहिला. "फार बारीक, लाह," ते इथल्या सवयीचं शेपूट लावत म्हणाले. "वाऱ्यावर उडेल. तुझं आमिषही हलकं आहे." मी हसलो. दूर जाईल, म्हणालो.

त्या शनिवारी दुपारी चारच्या सुमारास उत्तरेकडून काळं आभाळ आलं. पाऊस नव्हता. लांब कुठेतरी एकदा गडगडलं. अंकलनी लगेच दोर रिळावर गुंडाळला आणि धक्क्यामागच्या शेडकडे निघाले.

"चल."

"अंकल, शेवटच्या पाच फेकी."

त्यांनी मान हलवली आणि गेले. मी फेकलं. आमिष छान लांब जाऊन पाण्यात पडलं, पण दोर पडला नाही. रॉडच्या टोकापासून आमिषापर्यंत कमान करून तो हवेत तसाच राहिला. वारा अजिबात नव्हता. मी रॉड खाली केला, तरी दोर वरच. उलट आणखी वर चढला, जणू कुणी वरून ओढत होतं.

मला काय वाटलं असेल? वाटलं, अंकलचं खरं ठरलं, दोर फार हलका निघाला. लाज वाटली. त्यांनी पाहू नये म्हणून शेडकडे पाठ केली. गुंडाळून पुन्हा फेकलं. पुन्हा तेच. आता रॉडमधून बारीक गुणगुण येत होती, पिंपात अडकलेल्या माशीसारखी. रिळाचं काहीतरी सैल झालंय असं समजून मी रॉड कानाशी नेला. कानाशी! हातावरचे केस ताठ उभे होते. मी ते पाहिले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि बाही खाली ओढली.

मागून आरोळी आली. "टाक! रॉड टाक!"

वळून पाहिलं तर अंकल धावत येत होते. जो माणूस दोन पायऱ्या उतरताना कठडा धरायचा, तो हात पसरून, तोंड उघडं टाकून धक्क्यावरून धावत होता. मी ते बघतच राहिलो, रॉड हातात तसाच. त्यांनी येऊन माझ्या हातातून तो हिसकला, कठड्यावर भिरकावला आणि माझी कॉलर धरून मला ओढलं. आम्ही दहाएक पावलं गेलो असू. त्यांचा पाय अडखळला, ते पडले आणि त्यांच्यावर मी.

मग सगळं पांढरं झालं. आवाज आधी आला की प्रकाश, मला सांगता येणार नाही. छातीवर कुणीतरी फळी मारल्यासारखं झालं. कान बंद झाले. डोळे उघडले तेव्हा अंकलचं तोंड हलत होतं आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. मागे पाहिलं. कठड्याला टेकलेल्या रॉडची वरची बाजू केरसुणीसारखी पिंजली होती, काळी, धुरकट. दोर कुठेच नव्हता. जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता आणि मी उभा होतो ती जागा तिथून हातभर अंतरावर होती.

मला उठताच येईना. शेवटी अंकलच मला काखेत धरून उठवत होते, एका हाताने, कारण दुसरं मनगट भलत्याच कोनात लोंबत होतं. ते पाहून मी ओरडलो, पण माझा आवाजही मला ऐकू आला नाही. शेडमध्ये पोचलो तेव्हा पावसाचा पहिला थेंब पडला.

हॉस्पिटलमध्ये त्यांची बायको आली. मी उभा राहून सगळं सांगितलं. तिने मधेच थांबवलं. "धावले? हे?" तिने तीनदा विचारलं. मग नवऱ्याकडे वळून चिनी भाषेत काहीतरी खूप मोठ्याने बोलली आणि रडू लागली. अंकल छताकडे बघत होते.

घरी आलो. कानात शिट्टी वाजत होती. बायकोला सांगितलं तसा तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"दोर हवेत उभा राहिला," ती सावकाश म्हणाली. "केस उभे राहिले. आणि तुला कळलं नाही? तुला?"

ओरडली असती तरी चाललं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग माझा हात हातात घेऊन बसली.

सोमवारी कामावर मनगटाला पट्टा बांधताना बोटं चालेनात. शेजारच्या मुलीने बांधून दिला. त्या आठवड्यात नव्या बॅचचं प्रशिक्षण होतं. नेहमीच्या वाक्याशी आलो आणि ते सोडून दिलं. मग जे झालं ते सगळं सांगितलं, बाहीसकट. यावेळी कुणी हसलं नाही.

अंकलचं मनगट जुळलं, पण पूर्वीसारखं वळत नाही. आता ते डाव्या हाताने फेकतात, जवळच पडतं. आम्ही सकाळी जातो आणि ढग दिसला की निघतो. दोर मी त्यांच्याच जाडीचा घेतलाय. पण खरं सांगायचं तर प्रत्येक फेकीनंतर दोर पाण्याला टेकेपर्यंत मी त्यावरून नजर काढत नाही.

एकदा धीर करून विचारलं, "अंकल, का आलात धावत? दोघंही गेलो असतो."

ते पॉपरचा गळ चेपत होते. त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"माहीत नाही," ते म्हणाले. "डेपोत चाळीस वर्षं वायरी हाताळल्या. हवेत उभा राहिलेला तो दोर दिसला आणि मी बाहेर होतो. विचार करायला वेळ मिळाला असता, तर कदाचित आलो नसतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मला पण भीती वाटते रे. अजून रोज वाटते."

त्या सकाळी दोघांनाही मासा लागला नाही. आम्ही हॉकर सेंटरला, खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, जाऊन कॉफी घेतली, आणि त्यांचा कप मी उचलून नेला, कारण भरलेला कप त्यांना अजून नीट धरता येत नाही.