थोरल्याची टोपी

कॉलेजसाठी मोठ्या देणग्या मागायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते माझ्या अहिराणीमुळे. मी रसायनशास्त्र शिकवते. सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा बांधून देऊ अशा हमीवर बी.एस्सी.चा पहिला वर्ग सुरू झाला होता. हमी पाळली नाही तर विद्यापीठ तो बंद करणार होतं. सुरतेतले आमच्याकडचे पैसेवाले बहुतेक खानदेशातले. तुम्ही त्यांच्याशी घरच्या बोलीत बोला, काम होईल, असं संस्थेचे अध्यक्ष मला म्हणाले. अध्यक्ष स्वतः धुळ्याकडचेच, पण अहिराणी बोलायची त्यांना लाज वाटते.

मला श्रीमंतांचा राग येतो, आणि तो ऐकीव नाही, मागत फिरताना कमावलेला आहे. टेक्स्टाइल मार्केटातल्या केबिनींबाहेर मी तासन् तास बसले. आत शेठ मोबाइलवर खिदळत असायचे आणि बाहेरचा माणूस मला सांगायचा की मीटिंग चालू आहे. कुणी चहा पाजून वाटेला लावलं. कुणी म्हणालं, बेन, दिवाळीनंतर या. दिवाळीनंतर गेले तर मार्केट मंद. आणि ज्याला खरंच द्यायचं असायचं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, माझं नाव कुठे लागेल? कॉलेजच्या कमानीला गिऱ्हाइकं ढीगभर होती. मुलींच्या शौचालयाला मात्र आपल्या आईचं नाव द्यायला कुणीच तयार नव्हतं, आणि खरी गरज त्याचीच होती.

शेवटी मी भाऊबंदकीला हात घातला. एकाच गावचे दोन चुलतभाऊ इथे येऊन गबर झालेले. एकाची कपडा रंगवायची मिल, तो धाकट्या घरचा. दुसऱ्याची शहराबाहेर कडोदऱ्याला पॉवरलूमची खाती, म्हणजे कारखाने, तो थोरल्या घरचा. गंमत अशी की धाकट्या घरचा साठीला आलेला आणि थोरल्या घरचा जेमतेम चाळिशीचा. पण आमच्यात वय बघत नाहीत, घर बघतात. दोघांत बोलणं नाही, एकमेकांच्या लग्नाला जाणं नाही. मी धाकट्याकडे बसून सहज म्हटलं, थोरले प्रयोगशाळेचं सगळं सामान देताहेत. थोरल्याला मी तोवर भेटलेही नव्हते. धाकट्याने तिथल्या तिथे अख्ख्या बांधकामाचा शब्द दिला. तो शब्द घेऊन मी कडोदऱ्याला गेले आणि सामानही पदरात पाडून घेतलं. खोटं बोलले, आणि त्याची मला काडीचीही खंत नाही. जे एकमेकांच्या नाकावर टिच्चून देतात त्यांच्याकडून तसंच घ्यावं लागतं.

मला ती प्रयोगशाळा हवी होती ती मुलींसाठी, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकीसाठी. वर्गातल्या निम्म्या मुली कडोदऱ्याहून शेअर रिक्षाने यायच्या. त्यांतली ही एक, बाप थोरल्याच्या खात्यात लूम चालवणारा. वर्गाच्या कोपऱ्यात दोन बाकं जोडून आम्ही प्रयोग करायचो, त्यातही हिचा हात असा स्थिर की बघत राहावं. चुकलं तर रडायची नाही, चिडायची. मला अशी मुलगी फार वर्षांनी भेटली होती. कॉलेज सुटलं तर घरी बसून साड्यांना लेस लावायची आणि पुढच्या लगनसराईत उजवली जायची, हे तिलाही माहीत होतं.

उद्घाटनाच्या आधी मी अध्यक्षांना बजावलं. सत्कार करताना टॉवेल, टोपी, नारळ आधी थोरल्या घरच्याला द्या. देणगी कुणाची किती हे त्यात येत नाही. लग्नातसुद्धा हा क्रम चुकला की आमच्याकडे जेवणाची पंगत उठते. अध्यक्ष हसले. म्हणाले, "बाई, हे गाव नाही, सुरत आहे. इथे ज्याचा चेक मोठा, त्याचा मान मोठा." माणूस शिकला की आपल्याच माणसांना विसरायला किती घाई करतो, हे मला त्या हसण्यात दिसलं.

मांडवात पहिली टोपी धाकट्याच्या डोक्यावर गेली. टाळ्या झाल्या. मग थोरल्याला बोलावलं. त्याने टोपी ठेवून घेतली, तिथेच काढून खुर्चीवर ठेवली आणि न जेवता निघाला. जाताना माझ्यापाशी थांबला.

"बाई, पैसा त्यान्हा मोठा व्हई, पन मान मन्हा मोठा शे."

सामान त्याने परत मागितलं नाही. ते मागितलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या आठवड्यापासून कडोदऱ्याच्या मुली यायच्या बंद झाल्या. नवी कोरी प्रयोगशाळा, आणि निम्मी बाकं रिकामी.

मी त्या मुलीच्या खोलीवर गेले. ती आत साडी मांडीवर घेऊन बसली होती, बाहेर आली नाही. बापाने मला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला.

"बाई, मन्ही ना नही," तो म्हणाला. "पन खातं तेस्नं शे, खोली बी तेस्नी शे. मी कोठे जाऊ?"

थोरल्याने कारागिरांना एवढंच सांगितलं होतं की ज्याची पोर त्या कॉलेजात जाईल त्याने दुसरं खातं बघावं. मी तशीच अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, कडोदऱ्याला चला, चार माणसांत टोपी ठेवा, विषय मिटेल. ते म्हणाले, मी संस्थेचा अध्यक्ष आहे, कुणाच्या दारात टोपी घेऊन जाणार नाही. मुली दुसऱ्या मिळतील. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोकरी गेली नाही, कारण देणग्या मागायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

टॉवेल, टोपी आणि नारळ मीच विकत घेतला आणि कडोदऱ्याला गेले. थोरल्याने मला बघितलं, हातातली पिशवी बघितली आणि सगळ्या लूम बंद करायला सांगितल्या. त्या खडखडाटानंतर कानात नुसतं गुंगत होतं. कारागीर जमले. कुणीतरी म्हणालं, बाईच्या हातून टोपी? थोरला म्हणाला, ठेवू द्या.

मी टिळा लावला, टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी ठेवली, नारळ दिला. मग रीतीप्रमाणे वाकले. मी त्याच्याहून चांगली बारा-पंधरा वर्षांनी मोठी. असं असलं की समोरचा पाय मागे घेतो, निदान वाकणाऱ्याचे हात तरी धरतो. मी त्याच भरवशावर वाकले होते. त्याने पाय मागे घेतले नाहीत. माझी बोटं त्याच्या बुटांना लागली. वर बघितलं तर बरोब्बर समोर त्या मुलीचा बाप उभा होता, आणि एक जण मोबाइल धरून सगळं टिपत होता.

"आते धाडा पोरीस्ले," थोरला म्हणाला, आणि लूम पुन्हा सुरू झाल्या.

परतताना रिक्षात मी रडले नाही. त्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मला वाटलं, आजही वाटतं. त्याच्या सामानाच्या कपाटावर त्याच्या वडिलांचं नाव आहे, ते मी रोज बघते आणि रोज वाटतं.

मुली आल्या. तीही आली, पण माझ्याकडे न बघता मागच्या बाकावर जाऊन उभी राहिली. मी जवळ गेले तेव्हा हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, व्हिडिओ आमच्या सगळ्या खोल्यांमध्ये फिरला. पप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. तुम्ही कशाला वाकलात? मी नसते आले तरी चाललं असतं."

"मला नसतं चाललं," मी म्हटलं.

तिने पिपेट घेतली आणि मोजून द्रावण ओढलं. ते खुणेच्या वर गेलं, तिने चिडून सोडून दिलं, आणि तास संपेपर्यंत माझ्याकडे पाठ करून ती पुन्हा पुन्हा मोजत राहिली.