आज काय वाढलं?

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. लोक लिफ्टच्या आत उभे राहतात, तो लिफ्टच्या डोक्यावर उभा राहतो; अंधारात, हातात बॅटरी आणि कमरेला पट्टा बांधून. घरी आला की त्याच्या अंगाला ग्रीसचा वास असतो आणि तोंडी एकच गोष्ट. लिफ्टला एक दोर पुरतो, तरी चार-पाच लावतात, का? तर एक तुटला तरी बाकीच्यांनी धरावं म्हणून. ही गोष्ट त्याने माझ्या नवऱ्यालाही लग्नाआधीच ऐकवली होती. तो बिचारा हबकला. त्याला वाटलं, विषय नवऱ्यांचा चाललाय.

दादाचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर चालतं. त्याच्याकडे छत्र्या दोन, चष्मे दोन. घराची जादा किल्ली माझ्याकडे, आणि मी हरवली तर म्हणून आणखी एक माझ्या नवऱ्याकडे. मी पडद्यांच्या दुकानात कापड कापते. कापडात दोन बोटं शिल्लक ठेवावीत हे मलाही कळतं. पण हा माणूस दोन बोटांसाठी अख्खा तागा घेणारा.

तर एकदा तो एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टवर बसून काम करत होता. शेजारची चालू लिफ्ट त्याच्या बाजूला येऊन थांबली आणि आतल्या दोन माणसांचं बोलणं त्याच्या कानावर आलं.

“आत्ताच भरून ठेवा,” एक म्हणाला. “पुढच्या महिन्यापासून मिळणार नाही. आतली बातमी आहे.”

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

दार उघडलं, दोघं निघून गेले. काय मिळणार नाही, ते मात्र दादाला कळलंच नाही. वरून ओरडून विचारावं, तर लिफ्टच्या छतावरून कुणी ‘अहो’ म्हटलं की माणूस जागीच गार व्हायचा.

त्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. मी म्हटलं, “अरे, फॉर्म भरून ठेवा म्हणाला असेल. नाहीतर पेट्रोल.”

“आणि धान्य म्हणाला असेल तर?”

“मग तसं म्हणाला असता.”

“म्हणाला असेल की! मी आधीचं ऐकलंच नाही ना.”

काय संपणार ते माहीत नाही, म्हणजे सगळंच घ्यायला हवं, असा त्याने हिशेब लावला. त्यातच आमच्या रस्त्यावरच्या दुकानातून काही दिवस मीठ गायब झालं. का झालं ते दुकानदारालाही सांगता येईना. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, अशी दादाची गत झाली.

तो थोडं थोडं आणायला लागला. हत्यारांच्या पिशवीत पान्यांच्या खाली डाळ, तेलाच्या डब्याशेजारी तेल. एक मशीनसाठी, एक माणसांसाठी. वहिनी दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसते. तीही पर्समधून रोज काहीतरी आणायची. त्यांचं घर दोन खोल्यांचं. पलंगाखाली डबे, सोफ्याच्या पोटात डबे, न्हाणीघराच्या माळ्यावर डबे. भिंती इतक्या पातळ की शेजारी शिंकला तर इकडून ‘काळजी घ्या’ म्हणावं. म्हणून दादाने ‘साठा’ हा शब्दच घरात बंद केला. लोकांना कळलं की आपल्याकडे आहे, तर वेळ आल्यावर रांग आपल्या दारात लागेल, असं त्याचं म्हणणं. संध्याकाळी घरी आला की तो हळू आवाजात एवढंच विचारायचा, “आज काय वाढलं?”

वहिनी तितक्याच हळू सांगायची, “पीठ वाढलं.” किंवा, “तेल वाढलं.”

बास. मग तो मान डोलवून हात धुवायला जायचा.

अशात आईचे गुडघे गेले. ती एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. लिफ्टवाल्याची आई बिनलिफ्टच्या घरात, यावरून मी दादाला कायम टोचायची. शेवटी त्याने तिला आपल्याकडे आणलं आणि आतल्या खोलीतल्या पलंगावर तिची सोय केली. त्या पलंगाखाली वर्षभराचे तांदूळ होते, पण आईला वाकता येत नव्हतं आणि दादाने तिला काही सांगितलं नव्हतं.

“आईच्या पोटात काही राहत नाही,” तो मला म्हणाला. “सकाळी कळलं की दुपारी जिन्यात सगळ्यांना माहीत.”

स्वयंपाकघरातल्या फळीवर मात्र रोजच्या वापराचे छोटे डबेच ठेवलेले. दादाचा नियम असा की लपवलेल्या डब्यांना हात लावायचा नाही, आठवड्यापुरतं काढायचं आणि ते पुरवायचं. त्यामुळे फळीवरचे डबे नेहमी तळाला गेलेले असायचे. आईला घरात दिसायचं ते एवढंच.

आणि आई वाळायला लागली.

सुरुवातीला मला वाटलं, जागा बदलली म्हणून असेल. मग तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जायला लागल्या. जेवायला बसली की अर्धा भात दादाच्या ताटात सरकवायची आणि म्हणायची, “मला सकाळचंच जड झालंय.” चहात साखर नको म्हणायला लागली, जन्मभर जिने चहात साखर नाही, साखरेत चहा घेतला, ती. दादाने तिला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं ठीक निघालं.

“जेवतात ना नीट?” डॉक्टरने विचारलं.

“हो, जेवते की,” आईनेच उत्तर दिलं.

डॉक्टर म्हणाले, असंच वजन उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळीतून अन्न द्यावं लागेल. दादा बाहेर येऊन पायरीवर बसला. जे तुटू शकतं त्या प्रत्येक गोष्टीला त्याने दुसरा दोर लावून ठेवला होता. आईला कुठून लावणार? येताना त्याने आईसाठी ताकदीच्या पावडरीचे मोठे डबे घेतले. त्यातले निम्मे माळ्यावर ठेवून दिले. स्वभावाला औषध नाही. उरलेल्यातली पावडर आई घेईना. “मला त्याचा वास सहन होत नाही. तूच घे, कष्टाचं काम आहे तुझं,” म्हणायची.

मला काही सुचेना. रोगही नाही, अन्नाची कमीही नाही, आणि माणूस डोळ्यांदेखत कमी होतोय. मग माझं डोकं जिथे नणंदेचं डोकं जातं तिथे गेलं. मी वहिनीला आडून आडून विचारलं, आईला वाढताना हात आखडतेस का. वहिनी लालबुंद झाली.

“मी पातेलं पुढे ठेवते, त्या झाकण लावतात,” ती म्हणाली. “माझ्या हातचं त्यांना आवडत नाही, हे सरळ सांगा ना मला! रोज का कोड्यात टाकता?”

तिचे डोळे भरून आले. ती खोटं बोलत नव्हती, हे मला दिसत होतं. म्हणजे मी होते तिथेच राहिले, वर वहिनीशी अबोला.

माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी आईजवळ बसले होते. दादा कामावर, वहिनी बाहेर गेलेली. आईने उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि एक गाठोडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. तिच्या जुन्या ओढणीत बांधलेलं. आत तांदूळ होते, पुडीत साखर होती आणि वाळवून कडक केलेले पावाचे तुकडे.

“हे हळूच त्यांच्या डब्यांत टाकून दे,” ती म्हणाली. “मी दिलं म्हणून सांगू नकोस. तो घ्यायचा नाही.”

“आई, हे काय आहे?”

“तांदूळ निवडायला माझ्याकडेच असतात ना. मूठभर बाजूला काढते. माझ्याच वाटणीचे, चोरी नाही केलेली. पावही माझ्याच वाटणीचे.”

“पण कशासाठी?”

“कशासाठी काय? घरात सगळं वाढलंय.”

“वाढलंय तर चांगलंच आहे की, आई!”

आई माझ्याकडे बघतच राहिली. तिने मला लहानपणी एकदाच थोबाडीत मारली होती, त्या दिवशी तिचा चेहरा असा झाला होता.

“चांगलं?” ती म्हणाली. “सख्खा भाऊ आहे तुझा. परवा तेल वाढलं, काल पीठ वाढलं. रोज घरी येऊन विचारतो बिचारा, आज काय वाढलं, आणि ती बिचारी खालच्या आवाजात सांगते. एक दिवस असा गेला नाही की काही वाढलं नाही. त्यात मी येऊन बसले खायला तिसरी. आणि तुला चांगलं वाटतं?”

आमच्या लहानपणी घरात कधीच काही संपलं नाही. ‘संपलं’ हा शब्द आई तोंडातून काढायची नाही; म्हटलं की खरंच संपतं म्हणे. डबा रिकामा झाला की ती म्हणायची, साखर वाढली गं, आणि मी पिशवी घेऊन दुकानात पळायची. तिची आई तसंच म्हणायची, तिच्या आईची आईही. मला माहीत होतं. दादालाही माहीत होतं. पण घरात डब्यांची चळत लागलेली डोळ्यांनी दिसत असताना कुणाला आठवणार? आम्ही वाढलं म्हणत होतो ते जास्त झालं म्हणून, आणि ती ऐकत होती ते संपलं म्हणून. तिच्या लेखी म्हणूनच हळू आवाज, म्हणूनच तळाला गेलेले डबे, आणि म्हणूनच मीठसुद्धा ती चिमटीतलं अर्धं परत टाकायची. तिला काही न सांगता मी गाठोडं उचललं आणि निघाले. एकट्या मला ते सांगायचा धीर नव्हता.

दादा दोन चौक सोडून एका इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत होता. खोली भट्टीसारखी तापलेली. ब्रेक उघडा पडलेला, जमिनीवर फडक्यात नट-बोल्ट मांडलेले. मी गाठोडं त्याच्यापुढे सोडलं आणि भडाभडा सगळं सांगितलं.

“वाढलं म्हणजे वाढलं,” तो म्हणाला. “त्यात काय?”

“आईच्या तोंडचं वाढलं, दादा. साखर वाढली, दुकानात जा.”

त्याने पावाचा एक तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला. मग हात पुसायला लागला. पुसून झाले तरी पुसतच होता.

“मी तिच्यासमोरच विचारायचो गं,” तो म्हणाला. “तिला कळू नये म्हणून हळू. पण तिच्यासमोरच.”

मला वाटलं, आता तो उठून पळेल. पण त्याने आधी ब्रेक बंद केला, एकेक बोल्ट आवळला, लिफ्ट वर-खाली करून पाहिली. माझा जीव खालीवर होत होता. पण उघडी लिफ्ट टाकून जाणाऱ्यांतला तो नाही, आणि खरं सांगायचं तर, त्या हातांना तेव्हा काहीतरी आवळायला हवंच होतं.

घरी पोचल्यावर त्याने दारही लावलं नाही. वहिनी परत आली होती. तिला काही कळायच्या आत त्याने पलंगाखालचे डबे ओढले, सोफा उलथा केला, माळ्यावरून पिशव्या खाली टाकल्या. सगळी खोली भरून गेली. शेजारीण दारात येऊन म्हणाली, “दुकान टाकताय का?” एरवी एवढ्याने दादाचा जीव गेला असता. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तो आईसमोर बसला आणि तिचा हात धरून तांदळाच्या पिंपात घातला. कोपरापर्यंत.

“हे कुणाचे?” आईने विचारलं.

“आपले.”

“मग वाढले म्हणायचात ते?”

“हेच वाढले, आई. म्हणजे आणले. म्हणजे जास्त झाले.” त्याला शब्द सापडेना. “रिकामं काहीच झालेलं नाही. कधीच नव्हतं.”

आईने तांदळात हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं.

“मग तसं म्हणायचं रे,” ती म्हणाली. “भरलं म्हणायचं.”

वहिनी उठली. तिने सगळ्यांत मोठं पातेलं काढलं आणि भात टाकला, डाळ टाकली, हात न आखडता तेल ओतलं. मीही तिच्याबरोबर उभी राहिले. अबोला कधी संपला ते दोघींनाही कळलं नाही. ताट आईपुढे ठेवलं. दादा समोर मांडी घालून बसला.

आईने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला थांबली. पाणी प्याली, पुन्हा घास उचलला आणि खाली ठेवला.

“आता जात नाही रे,” ती म्हणाली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. “खरंच जात नाही. पोटच एवढंसं झालंय.” मग दादाचा चेहरा बघून तिने ताट हळूच त्याच्याकडे सरकवलं. “ठेव झाकून. उद्याला होईल.”

दादाने ताट होतं तिथे परत ठेवलं.

“उद्याचं उद्या बघू, आई,” तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा. “आज जेव.”

आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आणखी एक छोटा घास घेतला. ती तो बराच वेळ चावत राहिली. चहूबाजूंनी उघड्या डब्यांमध्ये आम्ही तिघं, तो घास खाली उतरतो का, हे बघत बसलो होतो.