रोशनदानवाले मिस्त्री

विजेची बचत व्हावी म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या जुन्या ऑफिसची दुरुस्ती चालली होती. तेव्हा सुतारकाम करणारे मिस्त्री रोज भेटत. खिडकी अडकली की ते तिलाच म्हणत, "दीदी, जरा सरका." मला हसू यायचं.

छताजवळची, जुन्या रंगानं चिकटलेली रोशनदानं, म्हणजे हवेचे झरोके, बुजवून उलट एसीच वाढवायचं इंजिनिअरनं ठरवलं. मिस्त्री अडून बसले.

"काहून बुजवून राहिले, साहेब? गरम हवा तिथूनच तर बाहेर जाते. मला एक खोली द्या, फक्त एक."

दिवसभर शिडीवर बसून, रंग खरवडून त्यांनी एका खोलीतली रोशनदानं उघडली.

वीज वाचवायला पुढच्या बुधवारी सगळ्यांना घरून काम करायचं होतं. तरी एसी बंद असूनही गार असलेल्या त्या खोलीत एकही खुर्ची रिकामी नव्हती. इंजिनिअर दारातच थबकला.

मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "अच्छा, मग बाकीच्या खोल्यांनी काय पाप केलं?"