भोंग्यावरची बायको

मोहाडीच्या आठवडी बाजारात माझ्या भांड्यांच्या दुकानाची जाहिरात एक ऑटोवाला करायचा. ऑटोवर भोंगा, घोगरा आवाज, आणि प्रत्येक विनोदात त्याची बायको. "बायकोनं गंज डोक्यात हाणला भाऊ. मले टेंगूळ आलं, गंजाले पोचा नाई आला." लोक हसत दुकानात शिरत आणि पातेल्यांच्या रांगेतला तोच गंज मागत.

विनोद तो आधी घरी तिला वाचून दाखवायचा. ती हसली नाही की कागद चुलीत. "तिले खोटं हसता येतच नाई," हे तो जरा तक्रारीनंच सांगायचा.

फाल्गुनात ती तापानं गेली. पंधरा दिवसांनी तो कागद घेऊन दुकानात आला आणि उभ्या उभ्या वाचू लागला. "बायको सोडून गेली तं मी रडलो नाई. पण जाताना या दुकानातला गंज घेऊन गेली, तवा रडलो." वाचताना त्याची नजर कागदावर नव्हती, माझ्या तोंडावर होती.

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो.

तोच विनोद घेऊन त्या दिवशी भोंगा बाजारात फिरला, पण ती गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. भोंगा जवळ आला की भाजीवाल्या बाया माना खाली घालत. दुपारी त्यानं ऑटो माझ्या दारात थांबवला, भोंगा बंद केला.

"भाऊ, तुमी काहून हसले?"

"तुला बरं वाटावं म्हणून," मी म्हणालो.

त्यानं कागदाची बारीक घडी घातली.

"म्हंजे आता मले खरं सांगनारं कोनी नाई."