पाटीवरचे दादा

आंबेगाव तालुक्यात स्वतःच्या गाडीच्या मागे उभा राहून चहा पिणारा माणूस एकच, आणि तो माझा धाकटा दीर. बाकीचे लोक टपरीच्या बाकड्यावर बसतात, बॉनेटला टेकतात, नाहीतर केबिनमध्येच घोट घेतात. आमचे भावजी कप हातात घेऊन पिकअपच्या मागे सात-आठ पावलं चालत जायचे, वळायचे आणि नंबरप्लेटकडे बघत बघत चहा संपवायचे. एकदा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कुणीतरी आपला टेम्पो आणून बरोबर त्यांच्या गाडीमागे लावला. भावजी त्या ड्रायव्हरकडे गेले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "भाऊ, जरा चार फूट मागं घेता का? आमी दिसंना झालोय."

त्या पाटीवर काय होतं ते सांगते. गाडीचे शेवटचे चार आकडे एक्केचाळीस एक्केचाळीस. हा नंबर मिळावा म्हणून भावजींनी नवी गाडी महिनाभर दारात नुसती उभी ठेवली होती. मग मंचरच्या एका पेंटरला गाठून चाराला पोट काढून घेतलं, एकाचा काना करून घेतला, दोन जोड्यांमध्ये थोडी जागा सोडली आणि वरून एक रेघ ओढली. झालं 'दादा'. जिल्ह्याची अक्षरं नियमाप्रमाणे पाटीवर होती, पण ती मुंगीएवढी, कोपऱ्यात. अख्ख्या गाडीवर आमच्या निरगुडसरचा चिखल आणि फुटलेल्या टोमॅटोचा रस वाळलेला असायचा. पाटी तेवढी लख्ख. सासूबाईंच्या कवळीसाठी आणलेला ब्रश एकाच महिन्यात दोनदा माझ्या वाणसामानाच्या यादीत आला, तेव्हा मी शोध घेतला. दोन्ही ब्रश पिकअपच्या डॅशबोर्डच्या खणात सापडले. पुतणीच्या लग्नात नवरा-नवरीचा फोटो गाडीपाशी काढायचा ठरला, तर भावजींनी फोटोग्राफरला इतक्या वेळा "अजून थोडं डावीकडं, राव" म्हणून सरकवलं, की आज अल्बममध्ये नवरीचा अर्धा चेहरा आहे आणि 'दादा' सबंध आहे.

हा हट्ट कशासाठी, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. भावजी पाच भावंडांत शेवटचे. घरात त्यांना सगळे 'बारक्या' म्हणतात. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलं, कानाजवळचे केस पिकले, तरी "बारक्या, मोटार चालू करून ये", "बारक्या, पाव्हण्यांना पाणी दे." पुतणे-पुतण्यासुद्धा त्यांना 'बारकेकाका' म्हणतात. घरातला दादा म्हणजे माझे यजमान, थोरले. ती जागा जन्मापासूनच भरलेली होती. भावजींना रिकामी जागा मिळाली ती फक्त पिकअपच्या मागच्या बाजूला.

आणि तिचा उपयोग झाला. बाजारातले हमाल, आडते, पेट्रोल पंपावरचा माणूस, सगळे पाटी वाचून त्यांना दादा म्हणू लागले. "दादा, आज क्रेट किती?" "दादा, जरा गाडी पुढं घ्या." कुणी दादा म्हटलं की भावजींचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. रस्त्यात हात करून "दादा, थांबा की" म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पारगावच्या कारखान्याकडे निघालेली ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडं, भीमाशंकरला जाणाऱ्या म्हाताऱ्या, एकदा तर नुकतीच व्यालेली शेळी आणि तिची दोन करडं. मंचरहून निरगुडसरला येणारी गाडी घोडेगावला जाऊन यायची. मी विचारायची, "भावजी, घोडेगाव कुठे वाटेत आहे?" ते म्हणायचे, "वहिनी, त्यांनी दादा म्हनून हाक मारली. आता काय करता?"

माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं आणि आजही आहे. अशा पाट्यांना दंड झालाच पाहिजे. आकडा केवढा असावा, दोन आकड्यांत जागा किती सोडावी, हे ठरलेलं असतं आणि त्याला कारण असतं. यावरून जेवताना आमची जुंपायची.

"वहिनी, दारावर मानसं नावाची पाटी लावत्यात. तिच्यात जागा किती सोडायची ते सरकार इचारतं का?"

"घर पळून जात नाही, भावजी."

यावर ते मनापासून हसायचे आणि पाटी तशीच राहायची. दंड त्यांना बऱ्याचदा झाला. पण दंड होणं हा त्यांच्या दृष्टीने एक समारंभ होता. एकदा मी गाडीत असताना कळंबजवळ हवालदारांनी अडवलं. ते मागे गेले, वाकले आणि म्हणाले, "हे काय लिहिलंय? दादा?"

भावजींचा चेहरा उजळला. "बगा, वाचता आलं ना सायेब? मग दंड कशाचा?"

"मी नंबर विचारतोय."

"त्यो बी त्योच हाय."

हवालदारांनी शांतपणे चलन फाडलं. भावजींनी शांतपणे पैसे भरले, पावती विम्याच्या कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावली आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "आज सायेब सोता मला दादा म्हनाले." माझे यजमान म्हणाले, "बारक्या, जरा भाकरीचं टोपलं इकडं सरकव." भावजींनी सरकवलं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या कॉलेजचे शिपाई सायकलवरून कामाला येत होते. मी त्याच कॉलेजात हेडक्लार्क आहे. मंचरच्या वळणावर एका पिकअपने त्यांना उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. शिपाईमामांच्या पायाचं हाड मोडलं. बघणारे दोघेजण होते. दोघांनीही पोलिसांना एकच सांगितलं: "पांढरी पिकअप व्हती. मागं दादा लिवलेलं." कोपऱ्यातली मुंगीएवढी अक्षरं कुणालाच दिसली नव्हती.

पांढऱ्या पिकअपवरचे दादा म्हटल्यावर आमच्या भागात कुणाचं नाव निघणार? दुपारी पोलीस बाजारात गेले आणि भावजींना चौकीवर घेऊन आले. मला फोन आला तसं मी रजेचा अर्ज टाकला आणि निघाले. भावजी भिंतीकडेच्या बाकावर बसले होते, टोपी मांडीवर. म्हणाले, "वहिनी, मी न्हाई. मी पहाटेपासून नारायणगावला." मला ते सांगायची गरज नव्हती, पोलिसांना होती. बाजारात गाडी आत घेतल्याची पावती मिळते, तिच्यावर वेळ असते. भावजींच्या गाडीत सीटखाली पोती, दोर, कुणाची तरी विसरलेली चप्पल, असं सगळं उपसून मी ती पावती काढली. संध्याकाळी त्यांना सोडलं. ज्याने धडक दिली तो आजपर्यंत सापडलेला नाही. त्या रस्त्यावरून तसले दादा रोज कितीतरी जातात.

घरी सगळे जमले होते. माणूस सुटून आला या आनंदात भाऊ त्यांची थट्टा करू लागले. "या दादा, चौकीत च्या दिला का?" "दादांना पाट द्या बसायला." भावजी मान खाली घालून हसत होते. मी दिवसभर धावले होते, शिपाईमामांचा पाय डोळ्यांसमोर होता. मी ताट वाढता वाढता म्हणाले, "भावजी, पाटीवर लिहून कुणी दादा होत नाही. उद्या ती काढा."

भावजींनी हातातला घास खाल्ला, मग म्हणाले, "बरं, वहिनी."

रागाच्या भरात बोलले असते, तर राग होता असं तरी म्हणता आलं असतं. मी मुद्देसूद बोलले होते. 'उद्या ती काढा' एवढं दुसरं वाक्य बोलून भागलं असतं. ते खरं होतं, गरजेचं होतं, त्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. पहिलं वाक्य कशासाठी होतं, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

सकाळी भावजींनी स्वतः पाना घेऊन पाटी उतरवली. पेंटरकडे गेले आणि नियमाप्रमाणे साधे आकडे काढून आणले. आता तर सगळ्याच जुन्या गाड्यांना सरकारी शिक्क्याची पाटी बसवावी लागते, आम्हीही बसवून घेतली. म्हणजे ती जुनी पाटी आज ना उद्या जाणारच होती. हे मी स्वतःला अधूनमधून सांगते. त्यानंतर दोन महिने भावजी शिपाईमामांना पिकअपमधून दवाखान्यात नेत होते, प्लास्टर दाखवायला. मी म्हटलं, "तुमचा काही दोष नाही, भावजी. तुम्ही का?" तर म्हणाले, "नाव आमचंच घेतलं ना लोकांनी. मग आमीच जायला पायजे."

परवा कॉलेजच्या स्नेहभोजनासाठी टोमॅटो घ्यायचे म्हणून मी त्यांच्याबरोबर नारायणगावला गेले. बाजारात या हंगामात बरेच हमाल नवीन दिसले. गाडी लावायला जागा शोधत होतो तेवढ्यात एकजण काच ठोकून म्हणाला, "ओ पिकअपवालं, मागं घ्या. आडवी लावू नका." मी भावजींकडे पाहिलं. त्यांनी जराही न थांबता मान बाहेर काढली. "घेतो राव, घेतो."

मागे क्रेटच्या थप्प्या होत्या. मी उतरून मागे गेले, अंतर बघायला. पाटी समोर आली. अक्षरं मोठी, आकडे सरळ, जागा नियमाप्रमाणे. वीस पावलांवरून मला चष्म्याशिवाय सबंध नंबर वाचता आला. असाच असायला हवा नंबर. भावजी आरशातून माझ्याकडे बघत, मी काय सांगते याची वाट बघत होते. आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. एक हाक मारली असती तर फक्त त्यांनाच ऐकू गेली असती. ती अगदी ओठांपर्यंत आली होती. पण पंचवीस वर्षांचं वळण जिभेला, मी हात हलवला आणि म्हणाले, "या भावजी, येऊ द्या. अजून आहे जागा."