बिलोलीतलं एक वाक्य

लातुरात गुडघ्याच्या डॉक्टरकडून परतत होते. शिंप्याच्या दुकानापाशी ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरल्याचा वास आला आणि मी मनानं थेट बिलोलीला, शबानाच्या घरी पोचले.

शबाना आमच्या नांदेडच्या कॉलेजच्या हॉकी संघाची फॉरवर्ड. तिच्यामुळं मी कायम राखीव, बाकावर. लातूरच्या स्पर्धेसाठी तिच्या अब्बांची परवानगी मागायला आमचे खेळाचे सर मला सोबत घेऊन गेले होते. पोरगी बरोबर असली की घरचे विश्वास ठेवतात. अब्बा शिंपी. लेकीला खेळायला पायघोळ पँट शिवून तिच्यावर इस्त्री फिरवत होते, म्हणजे मन जवळपास तयारच होतं.

"मुक्कामाला पोरींची सोय वेगळी हाय ना?"

"एकदम वेगळी, चाचा," सर म्हणाले.

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. "बेटी, तू सांग. तू झूट बोलणार न्हाईस."

"खोल्या वेगळ्या हायेत," मी म्हणाले. जरा थांबले. "पण पोरांचे संघबी त्याच इमारतीत उतरतेत."

अब्बांनी इस्त्री बाजूला उभी केली.

लातूरला शबानाच्या जागी मी खेळले. पुढं विद्यापीठाचा संघ, नोकरी, सगळं त्यातूनच. ती पुन्हा मैदानावर दिसली नाही. आता गुडघे आणि मी, दोघंही थकलो.

त्या दिवशी बिलोलीच्या स्टँडपर्यंत सोडायला ती आली होती. डोळे सुजलेले.

"सर तर लपवूनच राहिले होते," ती म्हणाली. "तू खरं बोललीस, बरं केलंस."

मी खरंच बोलले होते. पण ते तिच्या जागेसाठी बोलले, हे कबूल करायला मला एवढी वर्षं लागली.